शिरोलीच्या फौंड्र्या आणि पुरवठादाराची पारख

पुणे-बंगळूर महामार्गावर, पंचगंगेच्या उत्तर काठाला, हातकणंगले तालुक्यात पुलाची शिरोली आहे. या गावाला लागून असलेली औद्योगिक वसाहत मुख्यतः ओतीव लोखंडावर उभी राहिली. सिलिंडर ब्लॉक, सिलिंडर हेड, गिअरबॉक्सचे हाउसिंग, ब्रेक ड्रम, पंपाची बॉडी असा माल इथे ओतला जातो आणि मोटारी, ट्रॅक्टर, इंजिने, पंप बनवणाऱ्या कारखान्यांकडे रवाना होतो. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत आणि कोल्हापूर शहर मिळून फौंड्र्यांची संख्या तीनशेच्या आसपास सांगितली जाते. यांतल्या फारच थोड्यांचे नाव शेवटच्या गिऱ्हाइकाला ठाऊक असते. ट्रॅक्टर घेणारा शेतकरी बॉनेटवरचे नाव पाहून पैसे मोजतो. आतला ब्लॉक कोणाच्या भट्टीतून यावा हे त्याच्यासाठी दुसऱ्याच कोणी ठरवलेले असते. पुरवठादार कसा पारखावा आणि कसा निवडावा हा प्रश्न त्यामुळे शिरोलीच्या इतिहासात मध्यभागी येतो. निवडले जाणे हाच या वसाहतीचा धंदा आहे.

ही पारख नेहमी एकाच रीतीने झाली नाही. माल घेणारा जसजसा लांबचा होत गेला, तसतशी ती बदलली.

सुरुवात शिरोलीत नव्हे, कोल्हापूर शहरातल्या उद्यमनगरात झाली. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत संस्थानात व्यापार-उद्योगाची घडी बसली. १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसली, १९०६ मध्ये शाहू मिल उभी राहिली, राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतले गेले. पुढे उसाची लागण वाढली आणि नदीकाठी पाणी उपसायला ऑइल इंजिने आली. ही इंजिने परदेशी होती. ती बिघडली की सुटा भाग बोटीने यायचा. दुसऱ्या महायुद्धात ही आवक आटली. तेव्हा दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रींनी भाग इथेच ओतायला आणि कातायला घेतले, आणि त्यातून पूर्ण इंजिने बनवण्यापर्यंत मजल गेली. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार, रामभाई सामाणी ही नावे या पायाभरणीशी जोडलेली आहेत. शेजारी किर्लोस्करवाडीत १९१० पासून लोखंडी नांगर बनत होते. ओतकामाची विद्या या टापूला परकी राहिलेली नव्हती.

उद्यमनगरात एक इंजिन अनेक हातांनी बनत असे. पॅटर्न एकाकडे, ओतकाम दुसऱ्याकडे, बोअरिंग तिसऱ्याकडे, गिअर चौथ्याकडे, आणि जुळणी ज्याच्या नावाने इंजिन विकले जाई त्याच्याकडे. घेणारा आणि देणारा यांच्यात एक-दोन गल्ल्यांचे अंतर होते, त्यामुळे पारख समोर उभे राहून होई. त्या काळच्या भट्ट्या कपोला पद्धतीच्या होत्या. कोक, पिग आयर्न, भंगार आणि चुनखडी यांचे थर वरून टाकायचे, खालून हवेचा झोत सोडायचा आणि तळाशी जमलेला रस काढायचा. प्रयोगशाळा नव्हती. रसाचा कस पाहण्यासाठी पाचरीच्या आकाराचा छोटा तुकडा ओतत, तो गार करून हातोड्याने फोडत आणि तुटलेल्या तोंडावर पांढरा पट्टा किती खोल गेला आहे ते पाहत. पांढरा भाग जास्त म्हणजे लोखंड कठीण, लेथवर हत्यार मोडणार. करडा आणि बारीक कणांचा भाग नीट दिसला की रस साच्यात ओतायला हरकत नसे. हे वाचणारा मोल्डर कोणत्या भट्टीवर आहे, हे माहीत असणे म्हणजेच पुरवठादाराची माहिती असणे होते.

या व्यवस्थेची ताकद नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढच्या काळात तिला अडाणी ठरवण्याची घाई झाली. कास्टिंग खराब निघाले तर ते त्याच दिवशी परत जाई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भट्टीत पडे. तक्रार माणसाची माणसाशी होई. कोण कच्च्या वाळूत ओततो, कोण शब्द पाळतो, कोणाकडे सणाच्या आठवड्यात काम अडकते, हे सगळे आळीला ठाऊक असे. मर्यादाही तितकीच खरी होती. ओळख हाच दाखला असल्याने ज्याची ओळख नाही त्याला पहिली ऑर्डर मिळवणे फार अवघड जाई, आणि ही सारी माहिती पंचगंगेपलीकडच्या कोणाच्याही उपयोगाची नव्हती.

फौंड्रीला स्वतःचा पुरवठादार निवडायची मोकळीक मात्र त्या काळी जवळपास नव्हती. पिग आयर्न आणि कोक ही नियंत्रणाखालची चीज होती. परवाना, कोटा आणि वाटप यांतून जे मिळेल ते घ्यायचे. १९५६ पासून लोखंड-पोलादावर भाडे-समानीकरण लागू होते, म्हणजे देशभर माल साधारण एकाच दराने पोचावा अशी योजना. खाणी आणि पोलाद कारखाने यांपासून शेकडो कोस लांब असलेल्या कोल्हापुरात फौंड्र्या तगल्या, त्यामागे या योजनेचाही वाटा होता. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला नियंत्रण आणि समानीकरण दोन्ही गेली. त्याच सुमाराला गोव्यात सेसाचा आणि कर्नाटकात कोप्पळजवळ किर्लोस्कर फेरसचा पिग आयर्न प्रकल्प आला. कोटा सांभाळणारे मालक आता दर, सिलिकॉनचे प्रमाण आणि गाडी पोचण्याचे दिवस यांची तुलना करू लागले. सिंधुदुर्गातल्या कासार्डे-फोंडा भागातली सिलिका वाळू घाट चढून येत होतीच. तिच्याही कणांचा आकार आणि मातीचे प्रमाण तपासून घेण्याला तेव्हापासून खरा अर्थ आला. परत करायची सोय नसेल तर तपासणी नुसती नोंद राहते.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली. दाटीवाटीच्या उद्यमनगरातून बाहेर पडू पाहणाऱ्या कारखानदारांना पुढे शिरोलीत प्लॉट, पाणी आणि वीज मिळाली. जागेची निवड मोलाची ठरली. संध्याकाळी भरलेला ट्रक सुमारे २३० किलोमीटर कापून सकाळी पुण्यात उभा राहू शकत होता, आणि पुण्यात तेव्हा मोठी गिऱ्हाइके तयार होत होती. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ पासून होती. १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्स आली. पिंपरी-चिंचवड पट्ट्यात टेल्को आणि बजाज उभ्या राहिल्या. या कारखान्यांना प्रत्येक भाग स्वतः बनवणे परवडणारे नव्हते आणि लघुउद्योगांकडून घ्यावा असे सरकारी धोरणही होते. शिरोली पुण्याची पुरवठादार झाली ती अशी.

इथे पारखीची जुनी रीत तुटली. पुण्याचा खरेदी अधिकारी रोज भट्टीवर उभा राहू शकत नव्हता, म्हणून त्याने माणसाऐवजी माल पाहायला सुरुवात केली. आधी ड्रॉइंग येई, मग कोटेशन, मग नमुन्याची कास्टिंग्ज. ती मोजमापात बसली, कापून पाहिल्यावर आतून भरीव निघाली, की छोटी ऑर्डर आणि मग नियमित वेळापत्रक. माल गेटवर उतरला की इनवर्ड तपासणी. भारतीय मानकांनी या बोलण्याला सामाईक भाषा दिली. करड्या ओतीव लोखंडासाठी आयएस २१० आहे. त्यातली एफजी २६० ही श्रेणी म्हणजे दर चौरस मिलिमीटरला किमान २६० न्यूटन ताण सोसणारे लोखंड. ‘चांगला माल पाहिजे’ याऐवजी ‘एफजी २६० पाहिजे’ असे लिहिता येऊ लागल्यावर शिरोलीतल्या अनोळखी फौंड्रीलाही पुण्याच्या दारात उभे राहता आले. मानकांच्या या लोकशाही गुणाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही.

तरीही गेटवरची तपासणी कास्टिंगच्या बाबतीत अपुरी पडते. दोष पोटात असतो. ब्लोहोल, पिनहोल, आकुंचनाची पोकळी, अडकलेला स्लॅग हे बाहेरून दिसत नाहीत. बोअर करताना, शेवटच्या पासला हत्यार आत गेले की भोक उघडे पडते, आणि तोवर त्या नगावर मशीनिंगचा बहुतेक खर्च होऊन गेलेला असतो. समजा कास्टिंग दहा किलोचे आहे आणि एक फौंड्री किलोमागे दोन रुपये स्वस्त देते. हजार नगांवर वीस हजार रुपये वाचले असे वाटते. तिचे रिजेक्शन शेकडा पाच आणि महाग फौंड्रीचे शेकडा एक असेल, तर चाळीस नग जास्त वाया जातात. प्रत्येकावर मशीनिंगचे सहाशे रुपये घातलेले असतील तर चोवीस हजार गेले. कास्टिंगची किंमत डेबिट नोटने वसूल होते. थांबलेली जुळणीची लाइन वसूल होत नाही. केवळ दरावर निवडलेला पुरवठादार महाग पडतो ही गोष्ट खरेदी विभागांनी अशाच नुकसानीतून शिकून घेतली.

अमेरिकेत गॅरी डिक्सन या अभ्यासकाने १९६६ मध्ये खरेदी व्यवस्थापकांची मते गोळा करून पुरवठादार निवडीचे २३ निकष मांडले. त्यांत गुणवत्ता सर्वांत वर होती आणि वेळेवर पुरवठा व आजवरची कामगिरी हे निकष तिच्या पाठोपाठ होते. दराला त्यांच्यानंतरची जागा मिळाली. या विषयावरची पुढची बरीचशी मांडणी त्या यादीवर उभी आहे. भारतीय कारखान्यांत तिचे रूप व्हेंडर रेटिंगच्या तक्त्याचे झाले. गुणवत्तेला अमुक गुण, वेळेला तमुक, दराला उरलेले. महिन्याअखेरीस बेरीज आणि त्यावरून अ, ब, क श्रेणी. अ श्रेणीला नवे काम, क श्रेणीला इशारा. एकाच भागासाठी दोन फौंड्र्या ठेवून श्रेणीप्रमाणे ऑर्डर वाटण्याचीही पद्धत रुळली. पॅटर्न बहुधा गिऱ्हाइकाच्या मालकीचा असतो, त्यामुळे तो उचलून दुसऱ्या फौंड्रीत नेण्याची शक्यता कायम डोक्यावर राहते. प्रत्यक्षात हे बोलण्याइतके सोपे नसते. नव्या फौंड्रीची वाळू वेगळी, रस ओतायची वाट वेगळी. नमुने पुन्हा मंजूर होईपर्यंत महिने जातात. मोठ्या गिऱ्हाइकाचे हातही अशा रीतीने थोडे बांधलेले असतात, आणि कोल्हापूरच्या जुन्या फौंड्र्यांची अनेक नाती टिकली त्याला हे एक कारण आहे.

१९९१ नंतर परदेशी मोटार कंपन्या भारतात आल्या, निर्यातही वाढली. गिऱ्हाईक आता डेट्रॉइट किंवा जर्मनीत बसून निवड करणार होते. इतक्या लांबून मालही पाहता येत नाही, म्हणून पारख प्रक्रियेवर आली. तिची मुळे जुनी आहेत. अमेरिकी सैन्याने १९५९ मध्ये पुरवठादारांसाठी गुणवत्ता-व्यवस्थेचे मानक काढले, ब्रिटनमध्ये १९७९ मध्ये बीएस ५७५० आले आणि १९८७ मध्ये आयएसओ ९०००. क्रायस्लर, फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी १९९४ मध्ये आपापल्या वेगळ्या अटी एकत्र करून क्यूएस-९००० काढले. त्याची जागा १९९९ मध्ये निघालेल्या आयएसओ/टीएस १६९४९ ने आणि २०१६ मध्ये आयएटीएफ १६९४९ ने घेतली. भारत सरकारने १९९४ पासून लघुउद्योगांना आयएसओ ९००० प्रमाणपत्राच्या खर्चाचा पाऊण हिस्सा, कमाल ७५ हजार रुपयांपर्यंत, परत देण्याची योजना चालवली. शिरोलीतल्या फाटकांवर प्रमाणपत्रांच्या पाट्या लागल्या त्या या काळात.

कागदांचा हा पसारा वरवरचा होता असे मानणे चूक ठरेल. नवा भाग सुरू करण्यापूर्वी पीपीएपी नावाची फाइल द्यावी लागते. तिच्यात १८ बाबी असतात: ड्रॉइंग, प्रक्रियेचा आराखडा, कुठे काय बिघडू शकते याचा अंदाज, मोजमापांचे निकाल, मोजणाऱ्या साधनांची अचूकता आणि इतर. ही फाइल प्रामाणिकपणे भरायची तर भट्टीच बदलावी लागते. कपोलातला रस तासातासाला थोडा वेगळा निघतो. इंडक्शन भट्टीत तो थांबवून, तपासून, दुरुस्त करता येतो. स्पेक्ट्रोमीटर आला आणि मिनिटभरात कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक यांचे आकडे पडद्यावर दिसू लागले. वाळूची ओल आणि ताकद पाळीगणिक नोंदली जाऊ लागली. हाताने ठोकायच्या साच्यांच्या जागी मोठ्या फौंड्र्यांत उच्च दाबाच्या मोल्डिंग लाइन आल्या. शेकड्यात मोजले जाणारे रिजेक्शन दहा लाखांत किती, म्हणजे पीपीएममध्ये मोजले जाऊ लागले. शंभरात दोन हा आकडा जुन्या नजरेला ठीक वाटायचा. तोच २०,००० पीपीएम असा लिहिला की सुधारणेला किती जागा आहे ते कळते. पाचर फोडून रस ओळखणाऱ्या मोल्डरचे ज्ञान यात मागे पडले हेही खरे. त्यातले थोडे कंट्रोल प्लॅनमध्ये उतरले. उरलेले त्या पिढीबरोबर निवृत्त झाले, आणि ही या बदलातली खरी हानी आहे.

प्रमाणपत्राने आणखी एक गोष्ट घडवली. आयएटीएफच्या अटींनुसार प्रमाणित कारखान्याला आपल्या पुरवठादारांचीही निवड, नोंद आणि सुधारणा दाखवावी लागते. त्यामुळे शिरोलीची फौंड्री, जी वर्षभर दुसऱ्यांच्या ऑडिटला सामोरी जाते, तीच आता रेझिन आणि कोटिंग देणाऱ्या कंपन्या, कोअर बनवणारे, फेटलिंगचे ठेकेदार आणि जॉबवर्क करणारी मशीनशॉप यांना गुण देते. यांतली कित्येक मशीनशॉप उद्यमनगरातली असतात, दोन-चार सीएनसी घेऊन चालणारी. ज्या आळीत पूर्वी तोंडओळखीवर काम मिळे, तिथे आज चेकलिस्ट घेऊन माणूस येतो. चांगल्या फौंड्र्या या तपासणीबरोबर शिकवणीही देतात. गेज कसे तपासायचे, रिजेक्ट नग लाल पेटीत वेगळा का ठेवायचा हे त्या दाखवतात. नुसते गुण देऊन निघून जाणाऱ्यांकडे जॉबवर्कवाला वर्षागणिक बदलत राहतो.

काही निकष कोल्हापूरच्या भूगोलाने पुढे आणले. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. जुलै २०२१ मध्ये तेच पुन्हा घडले. कारखाना कोरडा, भट्टी सुरू, माल तयार, पण ट्रक हलू शकत नाही, अशी स्थिती झाली. साठा शून्यावर आणण्याचा आग्रह धरणाऱ्या गिऱ्हाइकांना त्यातून नवा धडा मिळाला. आयएटीएफ मानकात नैसर्गिक आपत्तीसाठी पर्यायी योजना मागितली जातेच. शिरोलीच्या बाबतीत तिचा साधा अर्थ असा की पावसाळ्याच्या तोंडावर काही दिवसांचा माल पुण्याकडच्या गोदामात आधीच जाऊन पडलेला असावा. या साठ्याचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न मात्र गुणांच्या तक्त्यात कुठेही नाही. विजेचेही तसेच. इंडक्शन भट्टीमुळे वीजबिल हा कास्टिंगच्या किमतीतला फार मोठा घटक झाला. कर्नाटकातल्या स्वस्त दरांशी तुलना करून तिकडे स्थलांतर करण्याचे इशारे कोल्हापूरच्या उद्योजकांनी वेळोवेळी दिले. गिऱ्हाईक दर पाहताना वीज महाग का आहे हे विचारत नाही.

पुरवठादाराने गिऱ्हाईक पारखावे ही बाजू या सगळ्या इतिहासात दुबळी राहिली. गिऱ्हाइकाकडे फौंड्रीचे मासिक गुणपत्रक असते. गिऱ्हाईक पैसे किती दिवसांनी देते, पिग आयर्नचा भाव चढल्यावर कास्टिंगचा दर किती महिन्यांनी वाढवते, वेळापत्रक ऐनवेळी किती वेळा बदलते, याचे पत्रक कोणी प्रसिद्ध करत नाही. ही माहिती फिरते ती स्मॅक या शिरोलीच्या उत्पादक संघटनेत, फौंड्रीमन संघटनेच्या कार्यक्रमांत, तोंडी. म्हणजे या एका बाबतीत उद्यमनगरची जुनी रीत अजून चालू आहे. कायद्याने मदत करण्याचा प्रयत्न केला. १९९३ मध्ये विलंबित देयकांवर व्याज देण्याचा कायदा आला. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्याने सूक्ष्म व लघु पुरवठादारांसाठी जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत घातली आणि त्यापुढे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज ठेवले. पण तक्रार करायची ती ज्याच्या वेळापत्रकावर भट्टी चालते त्याच्याविरुद्ध, म्हणून या तरतुदीचा आधार घेणारे थोडे.

वित्त कायदा २०२३ ने आयकर कायद्याच्या ४३-बी कलमात भर घालून वेगळी वाट धरली. मुदत उलटूनही वर्षअखेरपर्यंत न दिलेली रक्कम माल घेणाऱ्याला त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. तक्रारीची गरज उरली नाही, परंतु ही तरतूद सूक्ष्म आणि लघु उपक्रमांपुरती आहे, मध्यम उपक्रम तिच्या बाहेर आहेत. मोठे खरेदीदार आता लघु पुरवठादाराऐवजी मध्यमाकडे वळतील अशी भीती देशभरातल्या लघुउद्योग संघटनांनी लगेच व्यक्त केली. गुणवत्ता, वेळ आणि दर यांच्या बरोबरीने पुरवठादाराचा आकार हाही निवडीचा निकष होऊन बसला. १ एप्रिल २०२५ पासून लघु उपक्रमाची उलाढालीची मर्यादा ५० कोटींवरून १०० कोटी रुपयांवर गेली आणि गुंतवणुकीची १० कोटींवरून २५ कोटींवर. जुन्या आणि नव्या मर्यादांच्या मधल्या पट्ट्यातल्या फौंड्र्या त्यामुळे ४५ दिवसांच्या नियमाखाली आल्या.